गॅदरिंग सुटणार किती वाजता?

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी मेथी निवडत बसले होते. तेवढ्यात मागच्या गल्लीतली पोर दारात आली. आमच्याच गावातल्या कॉलेजात एस.वाय.ला आहे.

"काकू, तुमची ती हिरवी नऊवारी द्याल का? गॅदरिंगला आमचा जोगवा आहे. आठ जणी आहोत. सगळ्यांच्या साड्या झाल्या, माझीच राहिलीय."

मी हात पुसून उठणार, तोच मागोमाग तिची आई आली. दारातूनच म्हणाली, "ताई, साडी द्या तिला. पण नाचायचं काही नक्की नाही हं. रात्री नऊपर्यंत चालतो म्हणे कार्यक्रम. हिचे पप्पा हो म्हणायचे नाहीत. फोटोपुरती नेसेल आणि पाचला घरी येईल."

पोरीने मान खाली घातली. रोज कॉलेज सुटल्यावर तासभर थांबून ती प्रॅक्टिस करतेय, हे मला माहीत होतं. तिच्या आईलाही माहीत होतं. मी साडी दिली. दोघी गेल्या. मेथी तशीच पडून राहिली.

त्या आईचा मला राग नाही आला. येणार कसा? तिच्या तोंडून निघालेलं ते वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलंय आणि, खरं सांगते, माझ्या तोंडूनही ऐकलंय.

१९९८ साली मी एस.वाय.बी.ए.ला होते. विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी आमच्या कॉलेजची एकांकिका बसत होती आणि त्यात मला आईची भूमिका मिळाली होती. तालमी संध्याकाळी व्हायच्या. महोत्सव जिल्ह्याच्या ठिकाणी, एक रात्र मुक्काम. वडिलांना विचारायची वेळच आली नाही. आईनेच पोळ्या लाटता लाटता निकाल देऊन टाकला, "नाटकबिटक काही नको. तुझं लग्न जमवायचंय." झालं! मी सरांना तब्येतीचं कारण सांगितलं. माझी भूमिका एका मैत्रिणीने केली. त्या एकांकिकेला बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. आणि गंमत म्हणजे माझं लग्न त्यानंतर चार वर्षांनी जमलं! पण त्या भूमिकेची पहिली तीन वाक्यं मला आजही पाठ आहेत.

मध्यंतरी एकदा माहेरी गेले असताना आईला सहज विचारलं, "तेव्हा तू नको का म्हणालीस गं?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला तरी कुठे माहीत होतं कॉलेज आतून कसं असतं? गेटाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं मी. जे बघितलंच नाही, तिथे पोरीला रात्रीची कशी पाठवू?"

मैत्रिणींनो, आईचं हे बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. आपण मुलींना ‘नको’ म्हणतो ते मुलीवर विश्वास नसतो म्हणून नव्हे. ती जागाच आपण पाहिलेली नसते. मुलगी तीन-तीन, पाच-पाच वर्षं जिथे रोज जाते, तिथे आपण ॲडमिशनच्या दिवशी फी भरायला जातो, फार तर पालक मेळाव्याला जातो. कित्येक जणी तेवढ्याही जात नाहीत. ते काम वडील करतात.

माझं तर आणखीच अवघड. मी त्या कॉलेजातून बाहेर पडलेली बाई. बचत गटाच्या कामासाठी वाड्या-वस्त्यांवर फिरते, बायकांना सांगते, घराबाहेर पडा, बोलायला शिका. आणि गेल्या जानेवारीत, म्हणजे २०२५च्या सुरुवातीला, माझ्या लेकीने राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचं संमतीपत्र पुढे ठेवलं तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं? "सात दिवस? बाहेर राहायचं? काही गरज नाही. त्यात काकांकडे कांदे लागण चाललीय, माणसं मिळत नाहीत." आमच्या नाशिक जिल्ह्यात त्या दिवसांत कांद्याच्या लागणीचं कारण पुढे केलं की कोणी उलट बोलत नाही!

लेक एवढंच म्हणाली, "आई, तू विचारलंस तरी का, की शिबिरात काय असतं?"

नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी स्कूटी काढली आणि कॉलेजात गेले. कार्यक्रम अधिकारी असलेल्या सरांना भेटले. मुली कुठे झोपणार, बरोबर बाई कोण, पाण्याची-संडासाची सोय काय, सगळं विचारलं. सर वैतागतील असं वाटलं होतं. उलट म्हणाले, "ताई, बरं झालं तुम्ही आलात. पालक येतच नाहीत. नुसतं मुलीच्या हाती ‘परवानगी नाही’ असं लिहून पाठवतात." दोन मॅडम मुलींबरोबर मुक्कामाला होत्या. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं होतं. मी सही केली. कांदे लागणीला मजूर लावले.

शिबिराच्या चौथ्या दिवशी न सांगता जाऊन आले. सकाळी मुलं-मुली सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालत होती. दुपारी बौद्धिक होतं. पाहुण्यांचं भाषण झाल्यावर आभार मानायला कोण उभं राहिलं? आमचं ध्यान! घरी एका प्रश्नाला ‘हं’ यापलीकडे उत्तर न देणारी मुलगी, दोन ठिकाणी अडखळत, पण शंभर माणसांसमोर माइक हातात धरून बोलत होती. मी मागे उभी राहून डोळे पुसले आणि तिला न भेटताच परत आले.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात. तेव्हा देशातली ३७ विद्यापीठं आणि चाळीस हजार विद्यार्थी त्यात होते. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि एक सात दिवसांचं शिबिर असा तिचा साधारण नेम आहे. ‘नॉट मी, बट यू’, म्हणजे ‘मी नाही, तुम्ही’, हे तिचं ब्रीद. ही माहिती मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्या सरांसमोर बसल्यावर कळली. मी त्याच कॉलेजात तीन वर्षं शिकले होते!

आता येतो आहे तो सगळा मोसमच कार्यक्रमांचा आहे. दिवाळीनंतर परीक्षा आटोपतात, दुसरं सत्र सुरू होतं आणि जानेवारी ते मार्च कॉलेजचा सूचना फलक भरून जातो. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती. १२ जानेवारीला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती, तोच राष्ट्रीय युवा दिन. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. मध्येच क्रीडा स्पर्धा, ‘डेज’, वार्षिक स्नेहसंमेलन, पारितोषिक वितरण. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन, सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली आपला शोध जाहीर केला तो हा दिवस. आणि ८ मार्चला महिला दिन. त्यानंतर परीक्षांचा बागुलबुवा उभा राहिला की फलक पुन्हा रिकामा.

या सगळ्यांत आपल्या मुली कुठे असतात? तुम्ही म्हणाल, सगळीकडे असतात की! असतात, पण जरा नीट पाहा. पाहुण्यांच्या स्वागताला नऊवारी नेसून, ताट घेऊन दारात उभ्या मुली. औक्षण मुलींनी करायचं. स्वागतगीत मुलींनी म्हणायचं. शाल-श्रीफळाचा ट्रे धरून स्टेजच्या कडेला तासभर उभं राहायचं तेही मुलींनीच. रांगोळी, मेंदी, पाककला यांच्या यादीत नावं मुलींची. वादविवादाच्या यादीत, सूत्रसंचालनाला, नाटकाच्या दिग्दर्शनाला मुली किती? मी गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या फलकावरची वादविवादाची यादी वाचली. चौदा नावांत मुली तीन होत्या. त्या कॉलेजात मुली निम्म्याहून जास्त आहेत.

रांगोळीला मी कमी लेखत नाही हं. पण रांगोळीची स्पर्धा सकाळी दहाला सुरू होते आणि बाराला संपते. नाटकाच्या तालमी संध्याकाळी असतात. वादविवादासाठी बाहेरगावी जावं लागतं. मुलींनी काय निवडायचं ते त्यांच्या आवडीवर कमी आणि घड्याळावर जास्त ठरतं, एवढंच माझं म्हणणं.

घड्याळावरून आठवलं. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी शेजारच्या खेड्यातून एस.टी.ने येते. गेल्या वर्षी गॅदरिंग दुपारी चारला सुरू व्हायचं होतं. झालं साडेपाचला. प्रमुख पाहुणे उशिरा आले, मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग भाषणं. या मुलींच्या समूहनृत्याचा नंबर आठवा. त्यांच्या गावाची शेवटची गाडी सव्वासहाला. सहा मुली तोंडाला रंग लावून, गजरे माळून, विंगेत उभ्या होत्या. पावणेसहाला त्यांनी गजरे काढले आणि स्टँडकडे पळाल्या. स्टँडवरच्या नळाला तोंडं धुतली, कारण रंगलेल्या तोंडाने गावात उतरायची सोय नव्हती. ड्रेसचं भाडं प्रत्येकीचं दोनशे रुपये गेलं ते वेगळंच. त्या मुलींना घरून परवानगी होती बरं का! अडवलं कोणी? कार्यक्रमाची वेळ ठरवणाऱ्यांनी. अर्थात मुद्दाम नव्हे. त्यांच्या डोक्यातच ती सव्वासहाची गाडी नव्हती.

साडी नेणाऱ्या पोरीमुळे मला हे सगळं पुन्हा आठवलं. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही गटातल्या सात जणी प्राचार्यांना भेटायला गेलो. जाताना दोघी-तिघी बिचकत होत्या. "आपलं काय काम कॉलेजात? हाकलतील." कोणी हाकललं नाही, चहा मिळाला. आम्ही तीनच गोष्टी मागितल्या. कार्यक्रम सकाळी अकराला सुरू करा. बाहेरगावच्या मुलींचे कार्यक्रम आधी घ्या आणि सत्कार-भाषणं शेवटी ठेवा. उशीर होणारच असेल तर एस.टी.ची एक गाडी प्रासंगिक करारावर घ्या; लग्नाच्या वऱ्हाडाला, सहलीला आपण घेतोच ना, तशी.

प्राचार्य म्हणाले, "पाहुण्यांचा सत्कार शेवटी? बरं दिसणार नाही हो." आमच्यातल्या एक आजी, वय वर्षं सदुसष्ट, पटकन बोलून गेल्या, "साहेब, पाव्हण्याकडं मोटार असती." प्राचार्यांना हसू आवरलं नाही. वेळ अकराची करणं जमणार नाही, बाराला सुरू करू, असं ते म्हणाले. बाहेरगावच्या मुलींना पहिल्या पाचांत घ्यायचं कबूल केलं. गाडीचं मात्र ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’चा अर्थ आपल्याला कळतो! पण बाराची वेळ फलकावर लागली आहे, ती मी स्वतः वाचून आले.

आता काही जणी म्हणतील, तुमचं सगळं खरं, पण जग किती वाईट आहे! पेपर उघडवत नाही. मला मान्य आहे. आपली भीती काही हवेतून आलेली नाही. गर्दीचंच पाहा. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी केरळात कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात महोत्सवातल्या गाण्याच्या कार्यक्रमाला चेंगराचेंगरी होऊन चार जीव गेले. छेडछाड होते. गॅदरिंगला ‘फिशपाँड’च्या नावाखाली मुलींच्या रंगावर, जाडीवर, कपड्यांवर नको ते बोललं जातं. आपल्या वेळच्या शेलापागोट्यांतसुद्धा हे होतंच. मला पडलेला एक फिशपाँड मी अजून कोणाला सांगितलेला नाही. तेव्हा भीती वाटू दे. पण भीती वाटली की आपण एकच करतो, मुलीला घरी बसवतो. कॉलेजला जाब विचारायचं मात्र सुचत नाही. चूक करणारा मोकळा आणि मुलगी कोंडलेली, हा कुठला न्याय?

म्हणून ‘नको’ म्हणण्याआधी काय विचारायचं, ते मी माझ्यापुरतं ठरवून ठेवलं आहे. तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिलं, बरोबर कोण? नुसतं ‘सर-मॅडम आहेत’ एवढं पुरत नाही. मुक्काम असेल तर मुलींबरोबर राहणाऱ्या बाईंचं नाव आणि फोन नंबर आपल्या वहीत हवा.

दुसरं, परत यायचं कसं? कार्यक्रम सुटण्याची वेळ आणि शेवटच्या गाडीची वेळ, दोन्ही विचारायच्या. चार मुली एका रस्त्याच्या असतील तर आळीपाळीने एकेका घरचं माणूस घ्यायला जाऊ शकतं. रोज सगळ्यांनी कशाला जायला हवं?

तिसरं, झोपायची, पाण्याची, संडासाची सोय. पाळीच्या दिवसांत मुलीने काय करायचं, हेही न लाजता विचारा. मुली या एकाच अडचणीपायी परस्पर ‘मला नाही यायचं’ म्हणून मोकळ्या होतात.

चौथं, तक्रार कोणाकडे करायची? लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात त्यासाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि विद्यार्थिनींच्या तक्रारीही तिने घ्यायच्या असतात. समितीत कोण आहे, हे दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे. कॉलेजात गेलात की तो कागद शोधा. सापडला नाही तर ऑफिसात विचारा. एका आईने विचारलं की पुढच्या आठवड्यात कागद लागतो, हा माझा अनुभव आहे.

पाचवं, गर्दीचा कार्यक्रम असेल तर आत-बाहेर जायला दारं किती, बाहेरच्या पोरांना आत सोडतात का, पोलिसांना कळवलंय का.

या पाच प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली नाहीत तर खुशाल ‘नको’ म्हणा. मीही म्हणेन. पण मग मुलीला कारण सांगा आणि ते कारण कॉलेजलाही कळवा. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण त्यात नको. एवढं एक पथ्य पाळू या.

आणखी एक. आजवर आपण म्हणायचो, "या नाचगाण्याचे काय मार्क मिळणार आहेत?" आता मिळतात बरं का! नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून जो अभ्यासक्रम आला, त्यात एन.एस.एस., एन.सी.सी., खेळ, सांस्कृतिक उपक्रम यांना श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत. हा मुद्दा घरातल्या पुरुषमंडळींना लवकर पटतो, म्हणून सांगून ठेवते. मला स्वतःला विचाराल तर मार्क मिळाले नसते तरी मी पाठवलं असतं. म्हणजे, आता पाठवलं असतं!

मुलींचं झालं. आता आपलं. कॉलेजातले बरेचसे कार्यक्रम गावाला खुले असतात, हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. पुणे विद्यापीठाच्या, २०१४पासून ज्याला आपण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हणतो त्याच्या, बहिःशाल शिक्षण मंडळाची व्याख्यानं गावोगावच्या कॉलेजांत होतात. बहिःशाल म्हणजेच शाळेच्या भिंतीबाहेरचं. ते आपल्यासाठीच नाही का? पण हॉलमध्ये चित्र काय दिसतं? पुढे दोन रांगा प्राध्यापक, मागे हजेरीच्या धाकाने बसवलेली मुलं, आणि गावातलं कोणीच नाही. वक्ता बिचारा घसा कोरडा करून निघून जातो.

गेल्या २८ फेब्रुवारीला आम्ही गटातल्या अकरा जणी विज्ञान प्रदर्शनाला गेलो. तिथे दोन मुलींनी अन्नातली भेसळ ओळखण्याचं टेबल मांडलं होतं. दुधात पिठूळ काही मिसळलं असेल तर आयोडिनचा थेंब टाकल्यावर ते निळं पडतं, हे त्यांनी करून दाखवलं. लाल तिखट पाण्यात टाकून विटेची पूड तळाशी कशी बसते, रंग लावलेल्या चहापत्तीचा ओल्या टिपकागदावर कसा डाग पडतो, तेही दाखवलं. आमच्यातल्या एका ताईंची शाळा सातवीत सुटली. परीक्षानळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली. मग त्या त्या मुलींना सांगायला लागल्या, "हिंग अस्सल आहे का, ते आम्ही कसं ओळखतो, सांगू का?" पाचच मिनिटांत टेबलाच्या अलीकडच्या बायका शिकवत होत्या आणि पलीकडच्या मुली वहीत लिहून घेत होत्या. मॅडम धावत येऊन म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्हीच एक टेबल मांडा." यंदा मांडणार आहोत. त्या सातवी झालेल्या ताई तिथे उभ्या राहणार आहेत.

जायला खर्चही फारसा नाही. १७ मार्च २०२३पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. माहेरी जायला, देवाला जायला आपण ते वापरतो. एकदा कॉलेजच्या स्टॉपवर उतरायलाही वापरून पाहू या.

एक गोष्ट मनात सलते ती सांगून टाकते. ३ जानेवारीला कॉलेजाकॉलेजात सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला जाईल. १८४८ साली पुण्यात त्या मुलींना शिकवायला निघायच्या, तेव्हा रस्त्यात लोक अंगावर शेण-चिखल फेकायचे. म्हणून त्या जास्तीची एक साडी बरोबर न्यायच्या. शाळेत पोचल्यावर ती बदलायची आणि शिकवायला उभं राहायचं. हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतोय. पण त्या संध्याकाळी ती पोर माझी नऊवारी घेऊन गेली तेव्हा मला हीच गोष्ट आठवली आणि ओशाळल्यासारखं झालं. आपल्या मुलीच्या अंगावर आता शेण फेकत नाहीत. साडीही आहे. आणि आपण तिला सांगतो, फोटोपुरती नेस!

संक्रांत जवळ आली. रथसप्तमीपर्यंत आपली हळदीकुंकवं चालतील. दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, पर्स लुटतो. माझ्या माळ्यावर तर ढीग झालाय. यंदा आमच्या गटाने ठरवलंय, हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला तिळगुळाबरोबर एक कागद द्यायचा. त्यावर गावातल्या कॉलेजचे जानेवारी ते मार्चचे कार्यक्रम, तारखा, वेळा आणि वर सांगितलेले पाच प्रश्न. झेरॉक्सला किती लागतात? तुम्हीही करून पाहा. तारखा कॉलेजच्या ऑफिसात मिळतील. नाही मिळाल्या तर सूचना फलक उभा आहेच, तिथून उतरवून घ्या. ज्यांना सासूबाईंचं आजारपण, लहान मूल, शेतीचं काम आहे, त्यांना सगळीकडे जाणं जमणार नाही, ठाऊक आहे मला. एक तर कार्यक्रम गाठा. लेक नसेल तर भाचीचा गाठा, शेजारणीच्या मुलीचा गाठा. मुलगे असतील तर मुलग्यांचाही गाठा. स्टेजसमोर बसून ते मुलींना काय ओरडतात, हेही आयांनी एकदा ऐकलेलं बरं.

आणि ती हिरवी नऊवारी? प्राचार्यांना भेटून आल्यावर मी मागच्या गल्लीत गेले. तिच्या आईला म्हटलं, "वहिनी, कार्यक्रम बाराला आहे. फलकावर वाचून आलेय. मी जाणार आहे, तुम्ही येता का माझ्याबरोबर? दुसऱ्या रांगेत बसू."

ती म्हणाली, "मी? कॉलेजात? मी काय नेसू?"

"जी असेल ती नेसा हो!"

तिने लगेच हो म्हटलं नाही. "ह्यांना विचारते," म्हणाली. काल मात्र भाजीवाल्यापाशी भेटली तेव्हा आपणहून म्हणाली, "ताई, हे म्हणाले, तू बरोबर असशील तर जाऊ दे तिला." मग जरा थांबून हळूच विचारलं, "पण सुटेल ना हो वेळेवर?"

मी म्हटलं, नाही सुटलं वेळेवर तर आपण दोघी उठून विचारू. दुसऱ्या रांगेतून ऐकू जातं.